गाळाचा खून

१

आमच्या जहाजावर खून झाला, पण मेलेला माणूस नव्हता, म्हणून कोणी आरडाओरडा केला नाही. प्रवासी निवांत नाश्ता करत होते आणि त्यांच्या पायाखाली, जहाजाच्या पोटात, एका मोठ्या टाकीतला गाळ मरून पडला होता.

हसू नका. तो गाळ साधा नव्हता. एका तरंगत्या गावाएवढी माणसं आंघोळ करतात, जेवतात, संडासला जातात, आणि ते सगळं घाण पाणी कुठेतरी जावंच लागतं. पूर्वी ते सरळ समुद्रात जायचं. आमच्या जहाजावर मात्र ते या टाकीत यायचं आणि गाळातले अगणित जीव त्यातली घाण खाऊन टाकायचे. मग बारीक पडद्यांतून गाळून उरलेलं पाणी इतकं नितळ व्हायचं, की भल्याभल्या नद्यांना लाज वाटावी. टाकी म्हणजे गोठ्यातली गाय होती. तिला वेळेवर खायला लागायचं, हवा लागायची, आणि भलतंसलतं पोटात गेलं की ती आडवी व्हायची.

या गाईची राखणदार माझी भाची, बबी. जहाजावरची पर्यावरण अधिकारी. कर्मचाऱ्याच्या एका नातेवाइकाला सफरीवर नेता येतं म्हणून तिने मला आणलं होतं. मी जन्मभर पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, त्यामुळे कोणी पाण्याचा ग्लास पुढे केला की मी आधी वास घेते, मग आभार मानते. माणसांच्या बाबतीतही माझं तेच आहे.

सकाळीच कॅप्टनने मला बोलावलं. गोरागोमटा, मिठ्ठास बोलणारा माणूस. त्याने स्वतः चहा ओतला, तेव्हाच मी सावध झाले. तो म्हणाला, दुपारी आपण राखीव खाडीत शिरणार. तिथलं पाणी, तिथले मासे, सगळं जपलेलं. टाकी जिवंत नसलेलं जहाज तिथे घेत नाहीत. खाडीच्या कार्यालयाला काहीतरी कारण सांगावंच लागणार. टाकी बिघडल्याबरोबर बाहेरचा मार्ग आपोआप बंद झाला, त्यामुळे समुद्रात थेंबही गेलेला नव्हता, एवढंच काय ते समाधान.

"बाई, पाण्यातलं तुम्हाला कळतं," तो म्हणाला. "टाकी कशाने मेली ते खाडीत वाट दाखवणारा पायलट जहाजावर चढायच्या आत शोधा. नाही सापडलं, तर तुमच्या भाचीने आपला निष्काळजीपणा झाला असं लिहून द्यायचं. एका माणसाची चूक म्हटली, की पाणी साठवून ठेवण्याच्या अटीवर आपल्याला आत सोडतील."

म्हणजे तिची नोकरी गेली, आणि यापुढे कोणतंही जहाज तिला दारात उभं करणार नाही. हे न कळण्याइतकी मी दूधखुळी नव्हते. पण मला दुसरंच खटकत होतं. आरोपीच्या आत्यालाच चौकशीला नेमणारा माणूस एकतर फार भोळा असतो, नाहीतर फार पोचलेला. भोळ्या माणसाच्या ताब्यात एवढं मोठं जहाज कोणी देत नाही.

२

टाकीच्या खोलीत बबी एकटीच उभी होती. डोळे सुजलेले, केस कसेबसे बांधलेले. निरोगी गाळ काळपट तपकिरी असतो आणि त्याला ओल्या मातीचा वास येतो. हा राखाडी पडला होता, वर पांढरट फेस होता आणि वास जवळजवळ नव्हताच. मी नाक अगदी जवळ नेलं. फार लांबून कुठूनतरी पोहण्याच्या तलावाचा वास आला.

"क्लोरीन," मी म्हणाले.

"तेच तर कळत नाही आत्या," बबी म्हणाली. "तलावाचं पाणी वेगळं जातं, लाँड्रीचं वेगळ्या टाकीत साठतं. इथे क्लोरीन येणार कुठून?"

तेवढ्यात हात पुसत चीफ इंजिनियर आला. हा पहिला संशयित मी मनातल्या मनात लगेच टिपून ठेवला, कारण त्याने दुखवट्याचं नाटकसुद्धा केलं नाही. टाकी मेली ते बरंच झालं, म्हणाला. तिच्या पंपांना वीज लागते, तिला जागा लागते, तिचे नखरे सांभाळायला माझी माणसं लागतात. बंदरात उभे असताना इंजिन बंद ठेवून किनाऱ्यावरची वीज घ्यायची, धूर धुऊन काढायचा, इथपर्यंत त्याची तक्रार नव्हती, पण किड्यांची सरबराई आपल्याच्याने होणार नाही, असं तो स्पष्ट सांगत होता. इतक्या उघडपणे द्वेष करणारा माणूस सहसा विष घालत नाही. तरी मी त्याचं नाव खोडलं नाही.

दुसरा तलावाची देखभाल करणारा. क्लोरीनच्या किल्ल्या त्याच्याकडे. त्याच्या कोठारात क्लोरीनचे काही कॅन कमी होते. विचारल्यावर तो मुळीच गडबडला नाही. हॉटेल मॅनेजर घेऊन गेले, म्हणाला, मधल्या हॉलमधलं कारंजं साफ करायला. मी मान डोलावली आणि परत येता येता हॉलमधून आले. पाणी वाचवायचं म्हणून ते कारंजं आम्ही निघालो तेव्हापासून बंद होतं. त्याच्या हौदात कुंड्या मांडल्या होत्या.

मग मी बबीला विचारलं की टाकीत पाणी येतं कुठून कुठून. तीन वाटा होत्या. एक स्वयंपाकघराची, एक पुढच्या केबिन्सची, एक सहाव्या डेकच्या मागच्या केबिन्सची. प्रत्येक वाटेवर टाकीच्या अलीकडे एकेक छोटा हौद होता. मी हातमोजा घालून तिन्ही हौदांच्या भिंतींवरून बोट फिरवलं. जिथे घाण पाणी वाहतं आणि विष नसतं, तिथे भिंतीला बुळबुळीत थर धरतोच. पहिला हौद बुळबुळीत. दुसरा बुळबुळीत. तिसऱ्याच्या भिंतीवर बोट करकर वाजलं.

"सहावा डेक," मी म्हणाले. मला बरं वाटत होतं. वीस माणसांवर संशय घेण्यापेक्षा एका मजल्यावर घेणं सोपं.

पण वळता वळता टाकीच्या मागे मला साखरेचं रिकामं पोतं दिसलं. जमिनीवर साखर सांडली होती आणि बुटांखाली चिकटत होती.

"हे काय गं?"

"कोण जाणे. स्वयंपाकघरातल्या कोणीतरी ठेवलं असेल. इथे सगळेच सामान टाकतात. मी आवरायला सांगते हं," बबी म्हणाली.

बबी खरं बोलते तेव्हा अडखळते. खोटं बोलताना तिची वाक्यं अशी एकापाठोपाठ नीट येतात.

३

मी जेवायच्या हॉलमध्ये जाऊन बसले, कारण माणसं खाताना बघितली की निम्मी चौकशी आपोआप होते.

सफर सुरू झाली तेव्हा बुफेवर ज्याला जे हवं ते तो आपल्या हाताने घ्यायचा. आता प्रत्येक भांड्यामागे हातमोजे घातलेला वाढपी उभा होता आणि चमच्याला हात लावू देत नव्हता. टेबलांवरच्या मीठ-मिऱ्याच्या बाटल्या गायब. भिंतीवर नवी पाटी होती, 'अन्नाची नासाडी टाळू या, समुद्र वाचवू या'. वाढप्याला विचारलं तर म्हणाला, हॉटेल मॅनेजरचा हुकूम, नासाडी कमी करायला. पहिल्यांदा मलाही पटलं. पण उष्टं दळणाऱ्या यंत्रावरचा माणूस कुरकुरत होता, की नासाडी कमी कसली, उलट केबिन्समध्ये पाठवलेली ताटं जशीच्या तशी परत येतात आणि यंत्र भरून वाहतं.

रिसेप्शनवर एक भांडं होतं, त्यात बोट लागू नये म्हणून गोळ्या. ज्याला हव्या त्याने घ्याव्यात. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा होता. अशा पाण्यावर कोणाला उलट्या होत असतील, तर समुद्राचा त्यात काही दोष नाही.

मग मी सहाव्या डेकवर गेले. आमच्या जहाजाचा नियम असा, की टॉवेल खुंटीला टांगला तर तो धुवायला नेत नाहीत. पाणी वाचतं, साबण वाचतो. माझ्या केबिनमधला टॉवेल मी नेमाने टांगत होते आणि तो नेमाने तिथेच राहत होता. सहाव्या डेकवर मात्र ढकलगाड्या टॉवेल-चादरींनी गच्च भरल्या होत्या. एका उघड्या दारातून दिसलं, खुंटीवर टांगलेला टॉवेलसुद्धा उचलून पिशवीत भरला जात होता. आत पलंगावर एक म्हातारे गृहस्थ पांढरेफटक पडले होते आणि त्यांची बायको त्यांच्या ओठांना ओलं फडकं लावत होती. पलीकडच्या केबिनमधून जहाजाचे डॉक्टर बाहेर आले. मला पाहून त्यांनी बॅग या हातातून त्या हातात घेतली.

"बोट लागलीय," मी काही विचारायच्या आत ते म्हणाले.

"हो का? मला वाटलं होतं तुमचा दवाखाना खाली आहे."

"तो रिकामा आहे. सगळे ठणठणीत आहेत," असं म्हणून ते भराभरा निघून गेले. दवाखाना रिकामा आणि डॉक्टर घामाघूम, हा हिशेब काही माझ्या गळी उतरला नाही.

ढकलगाडीपाशी केबिन साफ करणारी बाई होती. तिची बोटं भेगाळून लाल झाली होती, हातमोज्यांतूनही तलावाचा वास येत होता. मी तिच्याशी आधी तिच्या पोरांबद्दल बोलले, मग हातांना काय लावायचं ते सांगितलं. मग विचारलं, हे कडक पाणी कशासाठी? ती म्हणाली, हॉटेल मॅनेजरनी सांगितलंय, दारांच्या मुठी, नळ, संडास, सगळं याच पाण्याने पुसायचं, आणि कोणाशी बोलायचं नाही. एवढं बोलून तीच घाबरली.

"आणि बादलीत उरलेलं पाणी?"

"ते संडासात ओततो बाई. सगळ्या जणी."

"संडासात का?"

"मग कुठे ओतणार? डेकवरच्या जाळीत ओतलं तर ते थेट समुद्रात जातं, मासे मरतात. मॅडमनी किती वेळा बजावलंय. संडासातलं सगळं टाकीत जातं आणि स्वच्छ होऊन निघतं, म्हणाल्या." तिच्या चेहऱ्यावर जरासा अभिमान होता. "आम्ही एक बादलीसुद्धा समुद्रात जाऊ दिली नाही."

 खुनी सापडले होते. समुद्राला जपावं म्हणून त्या बायांनी, एकेक बादली करत, टाकीला विष पाजलं होतं. आणि त्यांना हे शिकवणारी मॅडम म्हणजे माझी बबी.

४

बबीला मी तिच्या केबिनमध्ये गाठलं आणि दार लावून घेतलं. मी सगळं सांगत असताना ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली.

नियम होता. कडक औषध वापरायचं असेल तर हाऊसकीपिंगने, म्हणजे सफाई खात्याने, आधी टाकीच्या खोलीत फोन करायचा. मग बबी त्या मजल्याची वाट टाकीपासून तोडून रिकाम्या साठवणीत वळवायची, आणि ते पाणी पुढच्या बंदरात उतरवलं जायचं. हे हाऊसकीपिंगच्या साहेबांना ठाऊक होतं. बादली ओतणाऱ्या बायांना ठाऊक नव्हतं.

"फोन आलाच नाही आत्या. पण बायांना मी टाकीचं अर्धंच सांगितलं. ती सगळं पचवते म्हणाले. ती मरूही शकते, हे सांगितलं नाही."

"आणि साखर?"

 ती अडखळत बोलायला लागली, आणि मला हायसं वाटलं. टाकी काल सकाळीच आजारी पडली होती. जे थोडे जीव उरले असतील त्यांना खाऊ घालून वाढवता येईल, या आशेने तिने स्वयंपाकघरातून साखर आणून ओतली. दिवसभर वाट पाहिली. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की खाडी रद्द आणि ठपका तिच्यावर. आज सकाळी मात्र लपवणं अशक्य झालं.

मला तिचा राग आला. आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण ते पोतं पाहिल्यापासून मी मनातल्या मनात तिलाच पिंजऱ्यात उभं केलं होतं. ज्या पोरीला मी अंगाखांद्यावर खेळवलं, तिच्यावर संशय घ्यायला मला काही क्षणसुद्धा लागले नाहीत. मी हे तिला तिथल्या तिथे सांगून टाकलं. ती म्हणाली, "घेतलास ते बरं केलंस. मी खोटं बोललेच होते."

आता उरलं एवढंच, की फोन करू नका असं कोणी सांगितलं. क्लोरीन नेणारा हॉटेल मॅनेजर, पाटी लावणारा हॉटेल मॅनेजर, तोंड बंद ठेवा म्हणणाराही तोच. मी त्याला त्याच्या कचेरीत विचारलं, तर तो सुगंधी सफाई, प्रवाशांची सोय, असं काहीबाही बडबडत राहिला आणि शेवटी म्हणाला, मला विचारू नका. घाबरलेला माणूस असं म्हणतो तेव्हा त्याच्यामागे कोणीतरी उभा असतो.

आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. वाढपी मॅनेजरचे, सफाईवाल्या मॅनेजरच्या. पण डॉक्टर? जहाजावरचा डॉक्टर हॉटेल मॅनेजरला जुमानत नाही. तो फक्त एका माणसाचं ऐकतो.

५

कॅप्टनच्या खोलीत तो, बबी आणि मी असे तिघंच होतो. खिडकीतून खाडीचं तोंड दिसत होतं, हिरवे डोंगर, काठाला लहानशी वस्ती. पायलटची होडी अजून यायची होती.

मी त्याला ओळीने सांगितलं. तिसरा हौद स्वच्छ, म्हणजे विष सहाव्या डेकवरून आलं. तिथे खुंटीवरचे टॉवेलही उचलतात, म्हणजे तिथे संसर्ग आहे. वाढपी, गायब झालेल्या बाटल्या, परत येणारी ताटं, सगळं पोटाच्या आजाराकडे बोट दाखवतं. शांत समुद्रावर गोळ्या वाटल्या, म्हणजे आजाराला खोटं नाव दिलं गेलं. आणि डॉक्टर ते खोटं नाव घेतो, म्हणजे त्याला ते तुम्ही दिलंत.

"आजार कळवला असता, तर खाडीने आपल्याला घेतलं नसतं," मी म्हणाले. "म्हणून तो लपवला. नियमाप्रमाणे टाकीच्या खोलीत फोन गेला असता, तर बबीने विचारलं असतं की कडक औषध कशाला. म्हणून फोनही थांबवला. टाकी कशी मेली हे तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं, हे मी मानते. तुम्ही मला खुनी शोधायला सांगितलंत. तो तुम्हीच आहात."

 मग त्याचा मिठ्ठास आवाज परत आला, पण या वेळी तो बबीशी बोलत होता. आजार साधा आहे, उतरणीला लागलाय. खाडी चुकली तर कंपनी पुढच्या सफरी रद्द करेल, कितीतरी माणसं घरी बसतील. तिने यंत्राचा बिघाड एवढंच लिहावं. मग तिच्या नावाला धक्का नाही, बायांना त्रास नाही, आणि काल तिने दिवसभर जे दडवलं तेही कोणाला कळायचं कारण नाही.

म्हणजे साखरेचं त्यालाही कळलं होतं. आणि खरं सांगायचं तर माझं मन डळमळलं. मी आले होते भाचीची नोकरी वाचवायला, आणि ती समोर ताटात वाढून ठेवलेली होती. बबीने घ्यावी, असं मला वाटलं. मी तोंड उघडलंसुद्धा.

बबीने खाडीच्या कार्यालयाला फोन लावला. "मी जहाजाची पर्यावरण अधिकारी," ती अडखळत म्हणाली. "आमची टाकी मेली आहे. काल मेली. मी कालच कळवायला हवं होतं, मी लपवलं. सफाईच्या बायांचा दोष नाही, त्यांना मी अपुरं शिकवलं होतं." पलीकडून विचारलं, कशाने मेली? ती म्हणाली, "जहाजावर आजार आहे." मग पलीकडचा माणूस काहीतरी बराच वेळ बोलला. बबीने फोन कानापासून काढला.

"ते म्हणतात, आजाराबद्दल माझा शब्द चालत नाही," ती कॅप्टनला म्हणाली. "तो तुमचाच लागतो."

तिने फोन त्याच्यापुढे धरला. आतून बारीक आवाजात कोणीतरी हॅलो, हॅलो करत होतं. कॅप्टन खाडीकडे बघत राहिला. काठावरच्या वस्तीत कोणीतरी कपडे वाळत घातले होते, ते इतक्या लांबूनही दिसत होते. मला वाटलं, आता हा फोन खाली ठेवणार.

त्याने तो घेतला आणि कोरड्या आवाजात आजाऱ्यांची संख्या सांगितली. ती माझ्या अंदाजाच्या दुप्पट होती.

आम्हाला खाडीबाहेरूनच मोठ्या बंदराकडे वळवलं. प्रवाशांनी खूप त्रागा केला, पैसे परत मागितले, आणि ते चुकीचे होते असं मी म्हणणार नाही. बंदरात आधी रुग्णवाहिका आल्या. सहाव्या डेकवरच्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांना सगळ्यांत आधी उतरवलं. अंगातलं पाणी संपत आलं होतं, आणखी एक दिवस गेला असता तर अवघड होतं, असं किनाऱ्यावरच्या डॉक्टरने त्यांच्या बायकोला माझ्यादेखत सांगितलं.

मग चौकशीसाठी ज्यांना उतरवायचं होतं त्यांची पाळी आली. हॉटेल मॅनेजर, जहाजाचे डॉक्टर, कॅप्टन आणि बबी. शिडी अरुंद होती. कॅप्टन थांबला आणि त्याने बबीला पुढे जायला सांगितलं. तिच्या दोन बॅगा होत्या. एक मी उचलली. "आत्या, तू कशाला उतरतेस? तुझी सफर अजून बाकी आहे," ती म्हणाली. मी तिला म्हटलं, गप चाल, आणि तिच्या मागोमाग उतरले.